सांगली की मिरज: दोन्ही गावांत राहून झाल्यावर

सांगली आणि मिरज यांच्यात जेमतेम दहा किलोमीटरचे अंतर आहे, १९९८ पासून कुपवाडसह दोन्हींची महापालिका एकच आहे आणि बाहेरगावचा माणूस ही दोन नावे एका दमात जोडूनच घेतो. त्यामुळे जून २०२१ मध्ये यजमानांची बदली या भागात झाली, तेव्हा यांपैकी कोणत्या गावात राहायचे हा प्रश्न आम्हाला फारसा मोठा वाटला नव्हता. नंतरच्या काळात आम्ही सहा आठवडे सांगलीच्या गावभागात, दोन वर्षे विश्रामबागेत आणि त्यानंतर मिरजेत भाड्याने राहिलो. घरात सासूबाई आहेत, अकरावीपासून इथेच शिकलेली मुलगी आहे. या दोघींच्या गरजा वेगळ्या असल्याने दोन्ही गावे आम्हाला बारकाईने पाहावी लागली, आणि आता कायमचे घर घेण्याची वेळ आल्यावर जे मत झाले ते येथे लिहीत आहे.

गावभागातले घर जुन्या वाड्याचा तळमजला होता. गणपती मंदिर पायी पाच मिनिटांवर, आयर्विन पूल त्याच्या थोडा पुढे, भाजी दारात, आणि संध्याकाळी घाटावर जाऊन बसले की कृष्णेचे पात्र समोर. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता आणि घर दाखवताना मालकांनी पाण्याचा विषयच काढला नाही. राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी ताकाचे भांडे घेऊन आल्या आणि मी भिंतीवर कॅलेंडर लावायला जागा शोधते आहे असे पाहून म्हणाल्या, "पोरी, भिंती काय बघतीस, कोनाड्यात बघ की." कोनाड्याच्या आतल्या कडेला, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता, माझ्या खांद्याच्याही वर एक तपकिरी आडवी रेघ होती आणि तिच्याखालचा चुना हाताला पिठासारखा लागत होता. ती ऑगस्ट २०१९ च्या महापुराची रेघ होती. महिनाभरात, जुलैच्या चौथ्या आठवड्यात, आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवले, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि सासूबाईंना धरून घर सोडले. परत आलो तेव्हा फरशीवर घोट्याएवढा गाळ बसला होता, फ्रिज आडवा पडला होता आणि मुलीची पुस्तके फुगून कपाटात अशी घट्ट रुतली होती की दार तोडून ती काढावी लागली.

सांगलीचा पूर कसा येतो हे घर घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे, कारण माझ्या मते या दोन गावांतील निवडीचा पहिला निकष तोच आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेली की धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. वरून कोयनेचा विसर्ग आणि मधल्या खोऱ्यातला पाऊस येतो, तर सांगलीच्या खाली अगदी हाकेच्या अंतरावर हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणाही दुथडी भरलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही आणि ते मागे शहरात फुगते. म्हणून हा पूर डोंगराळ भागातल्या पुरासारखा धाडकन येत नाही. तो फुटाफुटाने चढतो, लोकांना बाहेर पडायला वेळ देतो, पण उतरायलाही तितकाच वेळ घेतो, आणि पाण्यात चार-पाच दिवस उभे राहिलेले घर पुढे कित्येक महिने ओल सोडत नाही. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या वस्त्यांत पाणी आधी शिरते. पातळी आणखी चढली की गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, कापडपेठ अशी बाजाराची ठिकाणे पाण्याखाली जातात. हरिपूरला जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, त्यांतली बहुतेक २००५ च्या पुरात निकामी झाली. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठल्यावर "पातळी किती?" हे आधी विचारतो, आणि ज्या घरात हा प्रश्न विचारावा लागतो त्या घरात म्हाताऱ्या माणसाला ठेवणे मला पुन्हा शक्य नव्हते.

असे असूनही सांगलीवर माझा राग नाही, उलट विश्रामबागेतली दोन वर्षे आमच्या संसारातली सर्वांत सोयीची वर्षे होती. हा भाग उंचावर आहे, रस्ते रुंद आहेत, आणि १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय व १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याच बाजूला असल्याने शिकवण्या, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने, खानावळी असे विद्यार्थ्यांना लागणारे सगळे पायी फिरून मिळते. मुलगी अकरावी-बारावीला सायकलवरून कॉलेजला जात असे आणि सव्वा तासाची शिकवणी संपवून अंधार पडल्यावर परतली तरी मला काळजी वाटत नसे, कारण त्या रस्त्यावर तिच्यासारख्या वीस मुली असत. जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालयही आता जुन्या गावातून उठून विजयनगरला, म्हणजे मिरजेच्या रस्त्यावर गेले आहे. सांगली स्वतःच नदीपासून दूर आणि मिरजेच्या दिशेने सरकत चालली आहे, हे घर शोधताना ध्यानात घेण्यासारखे आहे.

सांगलीच्या बाजाराला तर मिरजेत तोड नाही. हळद, बेदाणा आणि गूळ यांची ही मोठी पेठ असल्यामुळे वर्षाचे सामान भरताना मालाचे नमुने हातात घेऊन, वास घेऊन, दोन दुकाने फिरून घेता येते. शिवाय नाटक आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' केले आणि त्याची आठवण सांगलीकर अजून नीट जपतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी त्यांच्या नावाचे गौरवपदक येथे दिले जाते. भावे नाट्यमंदिरात प्रयोग असला की रविवारची दुपार कशी घालवायची हा प्रश्न आमच्या घरात उरत नसे.

मग मिरजेला का गेलो, याचे कारण एका रात्रीत आहे. विश्रामबागेत असताना सासूबाईंना मध्यरात्री छातीत दुखू लागले, आणि ज्या तज्ज्ञांकडे त्यांचे उपचार चालू होते ते मिरजेत. रिक्षा मिळून तिथे पोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्या बऱ्या झाल्या, पण तो पाऊण तास आम्ही कोणीच विसरलो नाही. मिरजेत वैद्यकीय सेवा ही काही अलीकडची सोय नाही. डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि या दोन्हींच्या आधाराने शेकडो डॉक्टर, तपासणी केंद्रे, औषधाची दुकाने या गावात रुजली. अथणी, चिकोडी, विजापूरकडचे रुग्ण रोज येतात, म्हणून दवाखान्यांच्या पाट्या कानडीतही असतात आणि औषधवाला मराठी, कानडी, उर्दू अशा तिन्ही भाषांत गोळ्यांच्या वेळा समजावतो. आमच्या आताच्या घरापासून तीन मोठी रुग्णालये रिक्षाने दहा मिनिटांच्या आत आहेत. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे माणूस आहे, त्यांच्यासाठी या एका गोष्टीपुढे बाकीच्या सगळ्या गोष्टी मला दुय्यम वाटतात.

दुसरी जमेची बाजू म्हणजे रेल्वे. पुणे, कोल्हापूर, पंढरपूर-कुर्डुवाडी आणि बेळगाव-हुबळी अशा चार दिशांचे मार्ग मिरज जंक्शनवर एकत्र येतात. एके काळी येथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी गाडी येथूनच भरून निघाली होती. सांगली स्थानकावरही आता चांगल्या गाड्या थांबतात आणि केवळ पुण्या-मुंबईला जाणाऱ्यास फरक जाणवणार नाही, पण कर्नाटक, गोवा किंवा पंढरपूर या बाजूंना ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना मिरजेचा उपयोग महिन्याला होतो. आमचे माहेर बेळगावला असल्याने मी सकाळी निघून रात्री घरी परत येते.

मिरजेत एक गोष्ट अशीही आहे, जिचा घर घेण्याशी काही संबंध असेल असे मला आधी वाटले नव्हते. मुलगी गाणे शिकते आणि तिच्या तंबोऱ्याची एक तार सारखी ठणठण वाजत होती. सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी येथे वाद्ये घडवायला सुरुवात केली, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दुकानात पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे छतापर्यंत रचलेले होते आणि लाकडाच्या भुशाचा गोडसर वास होता. कारागीर चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला, तार छेडली, डोळे मिटून ऐकली, घोडीवर कानस दोन-तीनदा फिरवली आणि तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला. पुन्हा छेडली तेव्हा त्या एका तारेतून आवाज असा फुलत गेला की मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. "जवारी बसली बेटा, आता गा," एवढेच ते म्हणाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात तिथे रात्र-रात्र गाणे चालते. ज्या मुलाला किंवा मुलीला गाण्याचा ध्यास आहे तिच्यासाठी असे शेजार पैशाने विकत मिळत नाही.

उणिवा मोठ्या आहेत आणि त्या लपवून कोणी घर घेऊ नये. जुन्या मिरजेतले रस्ते अरुंद आहेत, आणि रुग्णांना घेऊन येणाऱ्या गाड्या दवाखान्यांसमोर उभ्या राहिल्या की लक्ष्मी मार्केटच्या बाजूने दुपारी चारचाकी काढणे म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिती. धूळ फार आहे, चालायला बाग किंवा मोकळे मैदान शोधावे लागते. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसावरही जाते. तिच्या उंच स्वागत कमानी पाहण्यासारख्या असतात, पण मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर आजारी माणसाला त्या रात्री झोप मिळणार नाही. चांगल्या शिकवण्या आणि कॉलेजे सांगलीच्या बाजूला असल्याने मुलीला रोज बसने किंवा वडापने, म्हणजे प्रवासी भरून जाणाऱ्या खासगी गाडीने, विश्रामबाग गाठावे लागते, आणि सकाळी नऊच्या सुमारास त्या रस्त्यावर एवढी गर्दी असते की ती कधीकधी दाराला लटकून जाते. हे मला अजूनही मान्य नाही. मिरजेत नदी गावापासून बाजूला, कृष्णाघाटाकडे आहे आणि मुख्य गाव उंचावर आहे हे खरे, पण कृष्णाघाटाच्या वस्तीला पुराचा त्रास सांगलीइतकाच होतो, तेव्हा 'मिरज म्हणजे पुराची काळजी नाही' हे वाक्य एजंटाकडून जसेच्या तसे घेऊ नये.

माझे मत असे आहे की घरात शाळा-कॉलेजची मुले असतील आणि वडीलधारी मंडळी धडधाकट असतील, तर विश्रामबाग किंवा विजयनगर घ्यावे आणि किंमत थोडी जास्त पडली तरी मागे हटू नये. घरात आजारपण असेल, किंवा प्रवास कर्नाटकाकडे असेल, तर मिरज. गावभाग आणि नदीकाठच्या पेठा कितीही मनात भरल्या तरी तळमजला घेऊ नये. वरचा मजला घ्यायचा असल्यास वीजेचा मीटर आणि पाण्याची मोटर कोणत्या उंचीवर बसवली आहे ते आधी पाहावे, कारण घर कोरडे राहिले तरी त्या दोन गोष्टी बुडाल्या की वर राहता येत नाही. घर पाहायला उन्हाळ्यात न जाता ऑगस्टमध्ये जावे, मालकांना नव्हे तर शेजाऱ्यांना २०१९ चे आणि २०२१ चे पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे, आणि ज्या भिंतीला नुकताच रंग दिला आहे तिथे कोनाड्यात, जिन्याखाली आणि मीटरच्या पेटीमागे हात घालून पाहावा.

आम्ही मिरजेत पंढरपूर रस्त्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवला आहे. हळद मात्र सांगलीहूनच आणतो, आणि गावभागातल्या त्या आजींकडे संक्रांतीला तिळगूळ द्यायला दरवर्षी जातो.