ऑल-इन-वन डेस्कटॉप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

हा ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर बसवलेला डेस्कटॉप, आला आणि टेबलाखालचं वायरींचं जंजाळ गेलं, त्याचा आनंद मला अजूनही होतो. जुन्या टॉवरच्या, म्हणजे मॉनिटरपासून वेगळ्या असलेल्या कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याच्या, पाठीमागे झाडू फिरवायचा तर आधी चार वायरी सोडवाव्या लागत. आता भिंतीकडे एकच वायर जाते. स्पीकर, कॅमेरा, माइक आतच आहेत. पहिले दोन-तीन महिने मी भेटेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होते. आज तेवढं सरसकट सांगणार नाही.

माझं काम भाषांतराचं. दिवसाचे सात-आठ तास शब्दांसमोर जातात. स्क्रीन २४ इंची, फुल एचडी (१९२० × १०८० पिक्सेल), आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारी. अक्षरं स्वच्छ दिसतात, दोन फायली शेजारी-शेजारी उघडून काम करता येतं. याच रिझोल्यूशनचं २७ इंची मॉडेलही होतं. ते मी मुद्दाम टाळलं, कारण तेवढेच पिक्सेल मोठ्या काचेवर पसरले की मराठीच्या मात्रा, रफार, अनुस्वार फिसकटलेले दिसतात.

वेगाबद्दल सांगायचं तर डबा डेस्कटॉपचा असला तरी आतला प्रोसेसर लॅपटॉपचा आहे, ‘यू’ मालिकेतला. त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅटची, तर साध्या डेस्कटॉप प्रोसेसरची बहुधा ६५ वॅटची असते. लिखाण, ब्राउझर, पत्रव्यवहार यांत हा फरक मला कधीच जाणवला नाही. व्हिडिओ एडिटिंगला बसले की मात्र लगेच कळतं. पंखा घोंघावू लागतो आणि दहा मिनिटांनी सगळं संथ होतं. एवढ्या पातळ डब्यात उष्णता जाणार तरी कुठे!

रॅम ८ जीबीची एकच पट्टी होती. चौथ्या महिन्यात दुसरी ८ जीबी बसवून घेतली आणि यंत्र खरोखर हलकं झालं. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे चित्र दाखवायलाही हीच रॅम वापरली जाते. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. माझ्या मॉडेलमध्ये दुसरी खाच होती म्हणून हे जमलं. सगळ्यांत ती नसते. अ‍ॅपलच्या २४ इंची आयमॅकमध्ये तर रॅम नंतर वाढवताच येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी पुढच्या पाच वर्षांचा विचार करून निवडावी लागते.

उंची बदलता येत नाही. स्क्रीन मागे-पुढे कलते, वर-खाली होत नाही. मान दुखायला लागली तेव्हा खाली लाकडी पाट ठेवला, तेव्हापासून ठीक आहे. वीज गेली की सगळं क्षणात बंद, लॅपटॉपसारखी बॅटरी नाही. म्हणून यूपीएस लागतोच आणि तोही खर्चात धरायला हवा.

माझं मत बदललं ते सातव्या महिन्यात. स्क्रीनच्या उजव्या कडेला एक उभी हिरवी रेघ आली. वॉरंटी होती, पैसे पडले नाहीत. पण स्क्रीन दुरुस्तीला द्यायची म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच द्यायचा. रेघ सोडून बाकी चालू होतं म्हणून दोन रात्री बसून सगळा बॅकअप घेता आला. मग नऊ दिवस यंत्राविना काढले आणि एक काम हातचं गेलं. टॉवर असता तर कुणाचा तरी मॉनिटर मागून आणून त्याच संध्याकाळी पुन्हा कामाला बसले असते.

तेव्हापासून मी याच्या किमतीकडे निराळ्या नजरेनं बघते. यात दोन वस्तू एकत्र येतात आणि त्यांची आयुष्यं सारखी नसतात. पाच-सहा वर्षांत प्रोसेसर मागे पडतो, चांगली स्क्रीन त्यानंतरही कितीतरी चालते. इथे प्रोसेसर गेला की ठणठणीत स्क्रीनही भंगारात निघते. अपवाद एकच, यंत्राला एचडीएमआय-इन, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरचं चित्र आत घेणारी खाच, असेल तर. मग पुढे तिला नवा छोटा कॉम्प्युटर जोडून नुसता मॉनिटर म्हणून वापरता येतं. २००९ ते २०१४ दरम्यानच्या काही आयमॅकमध्ये अशी सोय होती, नंतर ती काढून टाकली. माझ्या यंत्रावर एचडीएमआय आहे, पण आउट, म्हणजे चित्र बाहेरच्या मॉनिटरकडे पाठवणारी. घेताना मी नुसतं ‘एचडीएमआय’ वाचलं आणि पुढे गेले, याची खंत वाटते. तुम्ही घेणार असाल तर त्या खाचेशेजारचं बारीक अक्षर वाचून बघा.

घरात जागा कमी असेल, काम लिहिण्या-वाचण्याचं असेल, रॅमला दुसरी खाच आणि एचडीएमआय-इन दोन्ही असतील, तर जरूर घ्या. एचडीएमआय-इन नसेल, तर छोटा मिनी पीसी आणि वेगळा मॉनिटर घ्यावा असं मी म्हणेन. मिनी पीसी बहुधा मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं बसवता येतो, म्हणजे टेबल तितकंच मोकळं राहतं.

त्या नऊ दिवसांनंतर मी माळ्यावरचा जुन्या टॉवरचा मॉनिटर खाली काढला. नऊ वर्षांचा आहे. त्या आउट खाचेला जोडला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. आता मूळ मजकूर त्याच्यावर असतो आणि भाषांतर नव्या स्क्रीनवर.