बीटी पावडर कोबीवर मारली: पहिल्यांदा पैसे पाण्यात, दुसऱ्यांदा रिझल्ट

अळीसाठी बीटी मारू का असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू. मी वापरली ती त्याची कुर्स्टाकी जात, वेटेबल पावडर, म्हणजे पाण्यात कालवून फवारायची. कंपनीचं नाव घेत नाही कारण पहिल्या वेळी जो पचका झाला त्यात कंपनीपेक्षा माझीच चूक जास्त होती, थोडी दुकानदाराची.

पीक कोबी, दीड एकर, जुन्नर भाग. फेब्रुवारीत ऊन वाढायला लागलं की आमच्याकडं डीबीएम, म्हणजे तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, पाठ सोडत नाही. अळी बारीक हिरवी, बोट लावलं की वळवळत मागं सरकते आणि धाग्याला लटकते. पानाला खिडक्या पाडते, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक. महागाच्या दोन बाटल्या मारून झाल्या होत्या आणि अळीला काही फरक नाही, तेव्हा कुणीतरी बीटी सांगितली.

दुकानदारानं सगळ्यात वरच्या फळीवरून, पत्र्याला टेकलेलं पाकीट काढून दिलं. एक्सपायरीला दोन महिने राहिले होते, मी बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, चांगलं कडक ऊन असताना, स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून टाकतात ते द्रावण, न टाकता मारून मोकळा झालो आणि तेव्हा अळ्याही बऱ्यापैकी मोठ्या झालेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर सगळ्या पानावर तशाच. आप्पा म्हणाले, "गव्हाचं पीठ मारलंस का रे?" तिसऱ्या दिवशी चिडून परत केमिकल मारलं, म्हणजे बीटीनं काही केलं की नाही हे कळायची सोय पण मीच घालवली.

मग आमच्या कृषी सहायकानं बांधावर बसून समजावलं. हे अंगाला लागून मरणारं औषध नाही, अळीनं फवारलेलं पान खाल्लं तरच काम करतं. पावडरीत जिवाणूचे बीजाणू आणि प्रोटीनचे स्फटिक असतात. अळीच्या आतड्यात अल्कलाइन रस असतो त्यात ते विरघळतात, तिच्याच पाचकरसानं ते प्रोटीन चालू होतं, आतड्याच्या आतल्या पेशींना चिकटतं आणि भोकं पाडतं. काही तासांत अळीचं खाणं बंद होतं पण मरायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या मोजत बसायचं नाही, ताजी लेंडी आणि नवीन खिडक्या दिसतात का ते बघायचं. हे एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर माझी एक फवारणी वाचली असती. आणि ऊन हा याचा शत्रू, अतिनील किरणांनी प्रोटीन काही दिवसांतच निकामी होतं.

पुढच्या लावणीला पाकीट दुसरीकडून आणलं, तारीख बघून. पानाच्या खालून बारीक अळ्या दिसायला लागल्या तशी संध्याकाळी पाचनंतर मारली. लेबलवर लिटरला 1 ग्रॅम होतं, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम, आधी मगभर पाण्यात कालवून मग टाकीत. स्टिकर टाकलाच, कोबीचं पान मेणचट असतं, त्याशिवाय थेंब घरंगळून जातो. आणि नोझल पानाच्या खाली फिरवला, अळी खाली बसते राव, वरनं पान धुऊन काय उपयोग. तिसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या, मऊ लिबलिबीत अळ्या पानाला चिकटलेल्या दिसल्या. मग सात दिवसांनी परत एक हात. त्या लावणीत गड्डा स्वच्छ निघाला आणि व्यापाऱ्यानं भोकांचं कारण सांगून भाव पाडला नाही.

आता नावडलेलं. मावा, तुडतुडे, थ्रिप्स यांच्यावर काहीच चालत नाही, ते रस शोषतात, पानावरचं खात नाहीत. गड्ड्यात शिरलेल्या अळीवर पण नाही. ती तंबाखूवरची पानं खाणारी अळी, स्पोडोप्टेरा, तिच्यावर मला अर्धवटच रिझल्ट मिळाला. कॉपरच्या बुरशीनाशकात मिसळून मारू नका, लेबलवर तसं लिहिलेलं असतं पण एका फेरीत दोन कामं उरकायचा मोह सगळ्यांनाच होतो. आणि सारखी सारखी हीच मारली तर डीबीएम याला पण सरावतो, हवाई बेटांवर शेतातच तसं झालेलं आहे, तेव्हा मधेमधे दुसऱ्या गटाचं औषध पाहिजेच.

शेजारी कुणी रेशीम करत असेल तर तुतीच्या बाजूला हे अजिबात नको, रेशीमकिडा पण अळीच शेवटी. गंमत म्हणजे हा जिवाणू 1901 साली जपानमध्ये मरणाऱ्या रेशीमकिड्यांतच पहिल्यांदा सापडला. नंतर 1911 साली जर्मनीत पिठातल्या पतंगाच्या अळीत परत सापडला, थुरिंगिया भागातला म्हणून थुरिंजिएन्सिस. म्हणजे आप्पांचं पीठ अगदीच चुकीचं नव्हतं.

अजून एक, "हे कपाशीचं बीटी ना?" असं दहा जणांनी विचारलं. जिवाणू तोच. 2002 पासून जी बीटी कपाशी आपल्याकडं आली तिच्यात या प्रोटीनचं जनुक बियाण्यातच घातलंय, इथं प्रोटीन वरून फवारायचं आणि दोन-चार उन्हात ते संपून जातं. तुमचं बियाणं आहे तेच राहतं.

पाचपैकी साडेतीन स्टार. मधमाश्या आणि ढालकिड्यांना त्रास दिसला नाही त्याचा अर्धा त्यातच धरलाय. पावसाळ्यात मात्र मी अजून मारलेली नाही, पानावरून धुऊन जाईल ही धास्ती. जून-जुलैत कुणी मारली असेल तर फवारणीनंतर किती तास उघडीप मिळाली आणि रिझल्ट काय आला तेवढं खाली लिहा.