एकाच दुकानदाराचं पर्सेंटाइल दाखवायचंय: टॅब्लो, पॉवर बीआय, की आकडा आधीच काढून ठेवायचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात द्राक्षाच्या औषधांचे एक होलसेलर आहेत. जिल्हाभरचे किरकोळ दुकानदार त्यांच्याकडून माल उचलतात. ऑक्टोबर छाटणीचा हंगाम उरकला की एकेकाशी पुढच्या स्कीमची बोलणी होतात. तेव्हा समोरच्याला दाखवायचं असतं की उचलीत तो बाकीच्यांच्या तुलनेत कुठं आहे, म्हणजे त्याचं पर्सेंटाइल: शंभरातली साधारण किती दुकानं त्याच्या खाली आहेत. त्यासाठी मी पॉवर बीआय या आकडे पडद्यावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्ड करून दिला. पहिल्याच दिवशी तासगावचे एक दुकानदार गल्ल्याशेजारी बसलेले. मालकांनी फिल्टरमध्ये त्यांचं नाव निवडलं आणि पडद्यावर आलं, क्रमांक १. पर्सेंटाइलची चौकट मात्र कोरी.

"मी पहिला?" दुकानदार खूश झाले. मालकांनी जतचं एक दुकान निवडलं, तर तेही पहिलं.

"अवो, एकटाच पळाल्यावर पहिलाच येणार की," मालक म्हणाले.

नेमकं तेच झालं होतं. फिल्टरनं बाकीच्यांना आधी बाहेर काढलं आणि उरलेल्या एकाला क्रमांक लावला. पर्सेंटाइलसाठी मी दुकानांच्या संख्येतून एक वजा करून भागत होतो. संख्याच एक असेल तर भागाकार शून्यानं होतो, म्हणून चौकट कोरी. तेव्हापासून कुठलंही साधन निवडताना मी पहिल्यांदा एवढंच बघतो: बाकीची दुकानं पडद्यावरून हटवण्याआधी ती मोजणीत धरली जातात का?

टॅब्लो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याचं उत्तर फिल्टरच्या जातीवर आहे. नावाचा साधा फिल्टर आधी चालतो आणि रँक_पर्सेंटाइल हे टेबल कॅल्क्युलेशन (फिल्टरनंतर उरलेल्या ओळींवर चालणारं गणित) त्यानंतर, म्हणजे आमच्यासारखाच घोळ. त्यावर जुना, खात्रीचा तोडगा म्हणजे नावाभोवती लुकअप हे फंक्शन लावून त्याचाच फिल्टर करायचा. तो स्वतःच टेबल कॅल्क्युलेशन असल्यानं आधी सगळ्यांची मोजणी होते, मग एक ओळ सोडून बाकीच्या झाकल्या जातात. दुसरी वाट पॅरामीटरची. नाव पॅरामीटरमधून निवडायचं, माहितीतलं कुणालाच काढायचं नाही, आणि त्या नावाचं पर्सेंटाइल विंडो_मॅक्स या फंक्शननं उचलून मोठ्या अक्षरात दाखवायचं. एकाच निवडीवर चार-पाच शीट हलवायच्या असतील तर पॅरामीटर घ्या. त्यात एका वेळी एकच नाव निवडता येतं, पण आपल्याला हवंय तेवढंच.

पॉवर बीआयमध्ये आज्ञा जास्त लिहाव्या लागतात, पण ताबाही जास्त मिळतो. क्रमांक लावणाऱ्या रँकएक्स या फंक्शनला दुकानांची यादी देताना व्हॅल्यूज दिलं तर फिल्टरमध्ये उरलेलं एकच दुकान मिळतं. माझी चूक हीच होती. ऑलसिलेक्टेड दिलं तरी भागत नाही, कारण स्लायसरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या फिल्टरमध्ये, निवडलेलं नाव तो पाळतो. हवं ते ऑल, आणि तेही फक्त दुकानाच्या नावाच्या कॉलमवर. ऑलमध्ये दुकानांचं अख्खं टेबल घातलंत तर त्याच टेबलातला तालुक्याचा फिल्टरही उडतो, आणि तासगावच्या दुकानाची तुलना अख्ख्या जिल्ह्याशी होऊन बसते. आणखी एक खाच आहे. ज्यांनी त्या काळात काहीच उचललं नाही, अशी दुकानं रँकएक्स शून्य धरून शेवटी बसवतो. ती एकूण संख्येत राहिली की प्रत्येकाचं पर्सेंटाइल फुगतं. अशी दुकानं आधी गाळा.

इथपर्यंत पडदा मालकाच्या हातात आहे. दुकानदाराला स्वतःचं लॉगिन द्यायचं ठरलं की वरचं जवळजवळ सगळं बाद होतं. पॉवर बीआयची रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारी सोय) लागली की बाकीच्यांच्या ओळी त्या माणसापुरत्या नसल्यातच जमा. ऑल लावूनही त्या परत येत नाहीत, आणि येऊही नयेत. टॅब्लोच्या डेटा सोर्स फिल्टरचंही, म्हणजे मूळ माहितीवरच लागणाऱ्या फिल्टरचंही, तेच. लुकअपनं झाकणं ही सोय आहे, सुरक्षा नाही. यादीतलं दुसरं नाव निवडता आलं की शेजाऱ्याचा आकडा उघडा पडला.

मग उरतं ते आधीच काढून ठेवणं. डेटाबेसमध्ये एसक्यूएल भाषेतला पर्सेंट_रँक चालवा (मायएसक्यूएलमध्ये तो २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून आहे) आणि प्रत्येक दुकानाच्या ओळीत आकडा लिहून ठेवा. पॉवर बीआयचा कॅल्क्युलेटेड कॉलमही चालतो. तो रिफ्रेशच्या वेळी भरला जातो, त्यामुळं सिक्युरिटी आड येत नाही. मोल मात्र मोजावं लागतं: स्लायसर हलवला तरी आकडा हलत नाही. महिन्यांच्या पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे हंगामाचं पर्सेंटाइल नव्हे, म्हणून महिना, हंगाम, तालुका, जिल्हा अशा प्रत्येक जोडीची वेगळी ओळ लागते.

साधन बदललं की आकडाही बदलू शकतो, हे आधीच सांगून ठेवा. समजा चार दुकानांची उचल ६, ९, ९ आणि १४ लाख आहे. ९ लाखवाल्यांना एक्सेलचा पर्सेंटरँक.आयएनसी आणि एसक्यूएलचा पर्सेंट_रँक ३३ देतात, टॅब्लोचा रँक_पर्सेंटाइल ६७ देतो, आणि जेईई मेनच्या निकालात वापरतात त्या रीतीनं, म्हणजे 'माझ्याइतके किंवा कमी गुण असलेले किती' असं मोजलं तर ७५ येतात. तिन्ही बरोबर आहेत. पण गेल्या वर्षी एक्सेलनं काढून ज्याला ३३ सांगितले, त्याच दुकानदाराला यंदा टॅब्लोनं काढून ६७ सांगितलेत, तर त्याला वाटेल धंदा वाढला. मी घरोघरी ओळखीची झालेली परीक्षेची रीत ठेवली आहे.

माझं मत विचाराल तर, मालक शेजारी बसून दाखवणार असेल आणि हाताशी पॉवर बीआय असेल तर ऑलवालं मेजर (मोजणीचं सूत्र) पुरेसं आहे, केवळ यासाठी टॅब्लो विकत घेऊ नका. टॅब्लो आधीच असेल तर पॅरामीटर. लॉगिन द्यायचं असेल तर कितीही कंटाळा आला तरी आधी काढलेला आकडा. आणि शिराळ्यासारख्या भातपट्ट्यात द्राक्षाच्या औषधांची दुकानं मोजकीच असतील, तर तालुक्याचं पर्सेंटाइल देऊच नका. चारच दुकानं असली तर प्रत्येकाला उरलेल्या तिघांचा अंदाज बांधता येतो. आमच्या पडद्यावर गटात दहापेक्षा कमी दुकानं असली की तालुक्याऐवजी जिल्ह्याचा आकडा येतो, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात तुलना कोणत्या गटात, कोणत्या महिन्यांची आणि किती दुकानांत झाली ते लिहिलेलं असतं. तासगावचे ते दुकानदार हल्ली आधी ती ओळ वाचतात, मग वरचा आकडा.