लेटेकमधली कोष्टकं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात नवी पेठेजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, टॉवेल कारखान्यांची दरपत्रकं आणि विद्यापीठात सादर करायचे प्रबंध लावते आहे. या तिन्ही कामांत मजकुराचा फारसा त्रास नसतो. जीव खातात ती कोष्टकं. गेल्या जूनपासून कोष्टकांचं सगळं काम मी लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर करते. सात अहवाल, तीन प्रबंध आणि किरकोळ दरपत्रकं एवढं काम हातावेगळं झाल्यावर हे लिहिते आहे.

वळायचं कारण आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी एका अहवालातल्या ठेवीदारांच्या यादीत नावांचा एक खोका आणि रकमांचा दुसरा खोका अशी मांडणी मी केली होती. शेवटच्या रात्री एक नाव वगळायचा निरोप आला. नाव काढलं, रक्कम राहिली. तिथून पुढच्या पानभर प्रत्येकाच्या नावासमोर दुसऱ्याची ठेव. छापून आल्यावर कळलं. पदरच्या पैशानं ती पानं पुन्हा छापून दिली, पण पैशापेक्षा मनाला लागलं ते वेगळंच. एखाद्या म्हातारीची आयुष्यभराची ठेव शेजारणीच्या नावावर दिसणं ही छपाईची किरकोळ चूक नव्हे. ओळ ही ओळच राहिली पाहिजे, ती तुटताच कामा नये, असं काही आहे का, हे मी तेव्हापासून शोधत होते. धाकट्या भावानं इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट लेटेकमध्ये केला होता. त्यानं बसवून दिलं.

ज्यांनी नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. डोनाल्ड कनूथ या गणिती संगणकतज्ज्ञाला १९७७ मध्ये आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं बघून इतकं वाईट वाटलं, की त्यानं अक्षरजुळणीची स्वतःची प्रणालीच लिहायला घेतली. ती टेक. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्टनं १९८० च्या दशकात वापरायला सोपा असा थर चढवला, तो लेटेक. शेवटचं अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, म्हणून ‘लेटेक्स’ म्हणत नाहीत. सगळं फुकट आहे. पान डोळ्यांसमोर रंगवायचं नसतं, साध्या फाइलीत खुणा लिहायच्या असतात आणि मग पीडीएफ तयार होते. मराठीसाठी लेटेकचेच झीलेटेक किंवा लुआलेटेक हे प्रकार वापरा. दोन्ही युनिकोड मजकूर थेट घेतात. फॉन्ट लावताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं सांगितलं, की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मी प्रबंधाला आयआयटी मुंबईचा शोभिका लावते, दरपत्रकाला मुक्ता.

कोष्टकाची रीत अशी. आधी स्तंभ सांगायचे: पहिला डावीकडे, दुसरा मध्ये, तिसरा उजवीकडे, चौथा अमुक सेंटिमीटर रुंदीचा. मग एकेक ओळ लिहायची. दोन घरांच्या मध्ये अँडची खूण (&) आणि ओळ संपली की दोन बॅकस्लॅश (\\). बस. नाव आणि रक्कम एकाच ओळीत लिहिलेली असते. नाव काढायला गेलात तर पूर्ण ओळ निघते, रक्कम मागे राहूच शकत नाही. मला जे हवं होतं ते हेच.

संस्थेकडून यादी एक्सेलमध्ये येते. मी दोन स्तंभांच्या मध्ये एकेक नवा स्तंभ घालून त्यात अँड भरते, शेवटच्या स्तंभात दोन बॅकस्लॅश, आणि सगळं उचलून फाइलीत टाकते. सहाशे नावांची यादी दहा मिनिटांत आत.

पहिल्याच अहवालात मात्र ठेच लागली. लाभांशाच्या कोष्टकात शेवटच्या घरात ‘१२%’ असं होतं. लेटेकमध्ये टक्क्याच्या खुणेनंतरचं त्या ओळीतलं सगळं शेरा समजून सोडून दिलं जातं. त्यामुळे ओळ संपल्याची खूणही गेली, खालची ओळ वरच्या ओळीला येऊन चिकटली आणि ‘जास्तीची अलाइनमेंट टॅब’, म्हणजे ठरल्यापेक्षा घरं जास्त, अशी तक्रार आली. तक्रार खालच्या ओळीवर, चूक वरच्या ओळीत. अर्धा दिवस गेला. दुकानांच्या नावात ‘आणि’च्या जागी अँडची खूण असली तरी असाच घोटाळा होतो, एक घर वाढतं. दोन्ही खुणांच्या आधी एक बॅकस्लॅश टाकायचा. आता एक्सेलमधून मजकूर आणल्याबरोबर सगळ्यात आधी याच दोन खुणा शोधून बदलते.

आता रेघा. हा भाग मराठीत काम करणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सापडत नाही. लेटेकची साधी आडवी रेघ अक्षरांच्या अगदी डोक्यावर बसते. इंग्रजीत ती जरा दाटलेली वाटते, देवनागरीत ती शिरोरेषेशी भांडते. रेघ, तिच्याखाली केसभर फट, मग शिरोरेषा, अशी दुहेरी रेघ दिसते आणि वेलांट्या, मात्रा, रफार त्या फटीत चेंगरतात. वरच्या ओळीचे उकार खालच्या रेघेला टेकतात ते वेगळंच. ओळींची उंची १.३५ पट केली की श्वास मिळतो. खरा उतारा मात्र सायमन फिअर यांच्या बुकटॅब्ज या पॅकेजमध्ये, म्हणजे लेटेकला लावायच्या तयार जोडणीत, मिळाला. त्यात मुख्य रेघा तीनच: वर जाड, शीर्षकाखाली बारीक, तळाला जाड. शिवाय प्रत्येक रेघेच्या वर-खाली मोकळी जागा आपोआप सुटते. उभ्या रेघा नकोतच, असं त्या पॅकेजच्या माहितीत स्पष्ट म्हटलं आहे.

पहिला नमुना घेऊन गेले तर पतसंस्थेचे सचिव म्हणाले, “ताई, रेघा कुठं गेल्या? उघडंबोडकं दिसतंय.” मी म्हटलं, “काका, नुसतं वाचून बघा. तिसऱ्या ओळीतल्या शाखेची थकबाकी किती?” त्यांनी चष्म्याला हात न लावता सांगितली. जुन्या अहवालात तीच ओळ शोधताना त्यांना पट्टी लावावी लागली. अहवाल तसाच गेला.

हे पटण्यामागे आमच्या गावाचाही हात आहे असं मला वाटतं. सोलापूर हे दाते पंचांगाचं गाव. लहानपणी आजोबा पंचांगाच्या पानावर बोट ठेवून तिथी, वार, नक्षत्र, योग, करण वाचायला लावायचे. कुठली तिथी किती वाजून किती मिनिटांपर्यंत, हे आठव्या वर्षी मला बघता येत होतं. एवढी दाट माहिती एका पानात मावते आणि तरी सापडते, कारण प्रत्येक आकडा आपल्या स्तंभात उभा असतो. रेघांनी चौकटी आखल्या म्हणून कोष्टक वाचता येत नाही, स्तंभ सरळ असला म्हणून येतं.

तरीही ताळेबंदाच्या बाबतीत मी बुकटॅब्जचं ऐकत नाही. आपला पारंपरिक ताळेबंद दोन अंगांचा: डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी. मधली उभी रेघ तिथं शोभेची नसते, तिथं हिशेबाची बाजू बदलते. ती काढली तर वाचणारा डावीकडचं नाव उजवीकडच्या रकमेला जोडतो. पण बुकटॅब्जच्या आडव्या रेघांभोवती मोकळी जागा असल्यामुळे उभी रेघ प्रत्येक ठिकाणी तुटते आणि फार वाईट दिसते. म्हणून ताळेबंदापुरती मी साधी आडवी रेघ वापरते, तिची जाडी वाढवते आणि जागा हातानं सोडते. नवीन टॅब्युलअरे पॅकेजमध्ये हे सोपं होतं असं भावाचं म्हणणं. मी ते एका दरपत्रकावर वापरलं आणि आवडलं, पण ऐन हंगामात ताळेबंद त्यावर न्यायचं धाडस केलं नाही.

आकड्यांविषयी लिहिताना मला हात आखडता येणार नाही, कारण सगळ्यात जास्त आनंद तिथं मिळाला. इंग्रजी आकडे असतील तर एसआययुनिटएक्स पॅकेजचा एस स्तंभ लावा. दशांश चिन्हं एकाखाली एक येतात, मग काहींना दोन दशांश स्थळं असोत की चार. त्याला हजारांऐवजी लाखांप्रमाणे स्वल्पविराम द्यायलाही सांगता येतं: शेवटचा गट तीन अंकांचा, पुढचे दोन-दोनांचे. डाळिंबाच्या बागांवरच्या एका प्रबंधात खर्चाची अठरा कोष्टकं होती, सगळी याच एका सांगण्यावर सरळ झाली.

पण पतसंस्थेला देवनागरी आकडे हवे असतात आणि एस स्तंभ मुळात इंग्रजी आकड्यांसाठी आहे. तेव्हा जुनी युक्ती कामाला आली. एक उजवीकडे टेकलेला स्तंभ, एक डावीकडे टेकलेला स्तंभ, आणि दोघांच्या मध्ये नेहमीच्या जागेऐवजी फक्त टिंब. डावीकडच्यात रुपये, उजवीकडच्यात पैसे. माझ्या लक्षात आलं, ही तर आपल्या खतावणीतली ‘रु.’ आणि ‘पै.’ यांची दोन घरं! लाल कापडी बांधणीच्या वह्यांत हेच होतं. वरचं ‘रक्कम’ हे शीर्षक मल्टिकॉलम वापरून दोन्ही घरांवर पसरवायचं. कुठलाही फॉन्ट, कुठलेही अंक, टिंब जागचं हलत नाही. फक्त फॉन्ट निवडताना देवनागरीचे सगळे अंक सारख्या रुंदीचे आहेत ना ते बघा. काही फॉन्टमध्ये १ चिंचोळा असतो आणि मग टिंब सरळ असलं तरी शतकं-हजार एकाखाली एक येत नाहीत.

लांब याद्यांसाठी डेव्हिड कार्लाईल यांचं लाँगटेबल हे पॅकेज. कोष्टक पानामागून पान चालत राहतं, शीर्षक प्रत्येक पानावर पुन्हा येतं, पानाच्या तळाला ‘पुढे चालू’ आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ आपोआप पडतं. हे पूर्वी मी प्रत्येक पानावर हातानं टाकायची आणि एक ओळ वाढली की सगळं पुन्हा. एक लक्षात ठेवा: स्तंभांची रुंदी जुळायला फाइल दोन-तीनदा चालवावी लागते. पहिल्या फेरीला वेडंवाकडं दिसलं म्हणून घाबरू नका.

अरुंद स्तंभात लांब मराठी शब्द अजूनही छळतात. ‘पुनर्मूल्यांकनानुसार’ असा शब्द तीन सेंटिमीटरच्या घरात आला की शेजारच्या घरात घुसतो. मराठीसाठी शब्द तोडायचे नियम लेटेकमध्ये आहेत, पण झीलेटेक घरातला पहिलाच शब्द तोडत नाही, आणि कोष्टकात बहुतेक वेळा तोच एक शब्द असतो. त्याच्या आधी शून्य रुंदीची मोकळी जागा टाकली की तो पहिला राहत नाही आणि तुटायला लागतो. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, म्हणजे सगळे अहवाल गेल्यावर. शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडू नयेत म्हणून अशा घरांत मजकूर डावीकडेच टेकवावा. मात्र डावीकडे टेकवायच्या खुणेनं दोन बॅकस्लॅशचा अर्थ बदलतो, तो पूर्ववत करणारी अरेबॅकस्लॅश ही खूण सोबत लिहायला विसरू नका.

त्रास कुठं झाला तेही सांगते. प्रबंधात कोष्टकं तरंगतात. सांगितलं चौथ्या परिच्छेदाखाली, जाऊन बसतात पुढच्या पानाच्या डोक्यावर. लेटेक पान भरण्याचा विचार करतं, मार्गदर्शक मॅडमना मात्र ‘खालील कोष्टकात’ असं लिहिलं की खालीच कोष्टक हवं. ‘इथेच’ म्हणून बजावणारी सोय फ्लोट पॅकेजमध्ये आहे, पण मग पानाच्या तळाला मोठी मोकळी जागा राहते. मी विद्यार्थ्यांना ‘खालील’ऐवजी ‘कोष्टक ४.३ मध्ये’ असं लिहायला सांगते. क्रमांक आपोआप पडतात, मध्ये एक कोष्टक वाढलं तरी मजकुरातले सगळे उल्लेख बदलतात आणि कोष्टकांची सूचीही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका विद्यार्थिनीनं चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला दोन कोष्टकं घातली. पूर्वी यात माझी एक रात्र गेली असती.

चुकांचे संदेश इंग्रजीत आणि रुक्ष असतात, पहिला महिना रडू येतं. पण एक संदेश मला फार मोलाचा वाटतो: कोष्टक पानाबाहेर गेलं तर किती पॉइंट गेलं ते आकड्यात कळतं. चौदा पॉइंट म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर, दोन स्तंभांमधली जागा थोडी कमी केली की बसतं. शंभर पॉइंट असेल तर कोष्टकच आडव्या पानावर न्यायचं.

ज्या ग्राहकाला शेवटी वर्डची फाइल हवी असते, त्याचं काम मी लेटेकवर घेत नाही. दोन पानांचं, एकदाच छापायचं दरपत्रक असेल तर नवख्यानं यात पडू नये, शिकण्यातच जास्त वेळ जाईल. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं मॅटर असेल तर ते आधी बदलून घ्यावं लागतं, आणि बदलताना रफार चुकीच्या अक्षरावर जातात, तेव्हा आकड्यांइतकीच नावंही तपासा. पण दरवर्षी तेच कोष्टक नव्या आकड्यांनी भरणारं काम असेल, तर पहिल्या वर्षीची मेहनत दुसऱ्या वर्षी वसूल होते. सात संस्थांच्या फाइली तयार आहेत. ऑगस्टमध्ये लेखापरीक्षण झालं की फक्त आकडे बदलायचे. सचिव काकांनी यंदा मागच्या पाच वर्षांच्या ठेवींचं तुलनात्मक कोष्टक मागितलं आहे, एकाच पानात, उभ्या पानावर. पाच वर्षं, प्रत्येकाची रुपये-पैशांची दोन घरं, म्हणजे दहा स्तंभ आणि शाखेचं नाव वेगळं. कालपासून त्याच्याच मागे आहे. शाखांची नावं दोन ओळींत मोडली तर बसेल असं दिसतंय.