वारस नोंदीला अंगठा लागत नाही

वडील वारल्यानंतर भावाचा फोन आला: "सातबाऱ्यावरून आप्पांचं नाव कमी करायचंय, तुझी सही लागेल. आधार, पॅन घेऊन तालुक्याला ये." ताई गेल्या, कागदावर सह्या केल्या, यंत्रावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि संध्याकाळच्या एसटीने परतल्या. महिनाभराने मोबाइलवर सातबारा पाहिला तर आई, दोन भाऊ आणि त्या स्वतः, अशी चौघांची नावं होती. त्या निर्धास्त झाल्या. पुढे दुसरा फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल) मंजूर झाला आणि त्यांचं नाव गेलं. त्या दिवशी त्यांनी करून दिलं होतं ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

या फसवणुकीचं मर्म दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांत आहे. वारस नोंद होते तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी). मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र आणि अर्ज दिला की काम सुरू होतं. अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो, आणि एका वारसाने केला तरी चालतो. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यात दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारा अधिकारी, कुठेच येत नाही. फोटो, अंगठा आणि दोन ओळखदार हा थाट दस्तनोंदणीचा. वारस नोंदीच्या नावाखाली कुणी तिथे नेत असेल, तर मुद्दा हक्क सोडण्याचाच समजा.

मुद्रांक स्वस्त म्हणजे कागद किरकोळ, हा समज तर फारच महागात पडतो. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा बहिणीने भावाच्या नावे सोडला तर पाचशेच्या मुद्रांकावर काम होतं. लाखोंची जमीन तेवढ्यावर जाते, म्हणूनच दस्तलेखकाच्या टेबलावर हा कागद साध्या प्रतिज्ञापत्रासारखा दिसतो. पहिल्या पानावरचं शीर्षक वाचा, मग 'मोबदला' आणि 'हक्क, हितसंबंध कायमचे सोडून देत आहे' हे शब्द शोधा. वाचायला वेळ देत नसतील तर सही करू नका. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करता येतो, त्यामुळे "आजच करावं लागेल" ही निव्वळ थाप.

सही होऊन गेली असली तरी एक दार उघडं असतं. निबंधक विचारतात, दस्त कबूल आहे का? गडबडीत सगळे मान हलवतात. तिथे स्पष्ट सांगावं: "सही माझी आहे, पण मजकूर मला सांगितलेला नाही, मी हा दस्त करून दिलेला नाही." नुसती सही मान्य करणं म्हणजे दस्त करून दिल्याची कबुली नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. करून दिल्याचं नाकारलं की त्या व्यक्तीपुरती नोंदणी नाकारावी लागते.

नोंदणी झाल्यावर फेरफाराची नोटीस येते, पण पत्ता बहुधा माहेरचा टाकलेला असतो. म्हणून महसूल विभागाच्या 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचना फलकावर गावाचे प्रलंबित फेरफार अधूनमधून बघत राहा. मुदतीत लेखी हरकत दिली तर नोंद तक्रारी म्हणून चालते. प्रमाणित झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील. मात्र नोंदणीकृत दस्त महसूल अधिकारी रद्द करू शकत नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लागतो, आणि मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. आधी दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढून घ्या, कारण दस्त क्रमांकाशिवाय वकीलही पुढे सरकत नाही. दाव्यासोबतच मनाई हुकमाचा अर्ज द्या, नाहीतर खटला चालू असतानाच भाऊ जमीन तिसऱ्याला विकून मोकळा होतो.

परदेशातल्या बहिणींकडे अंगठ्याऐवजी कुलमुखत्यारपत्र मागितलं जातं. मसुद्यात 'विक्री, बक्षीस, हक्कसोड करणे' असं एकही क्रियापद असेल तर ते वाक्य खोडून 'फक्त वारस नोंदीसाठी अर्ज करणे' एवढंच ठेवा, आणि प्रत्येक पानावर सही करा, म्हणजे मधलं पान बदलता येत नाही.