शिरोलीतली फौंड्री की उद्यमनगरातलं स्वतःचं जॉबवर्क?

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, मशीन शॉपची थोडी सवय लागली, की कोल्हापुरात हा प्रश्न येतोच. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला फौंड्रीत, म्हणजे धातूचा रस साच्यात ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी किंवा मेथड्सची (ओतकाम कसं करायचं ते ठरवणाऱ्या विभागातली) नोकरी धरायची, की उद्यमनगरात भाड्यानं गाळा घेऊन एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांच्या कास्टिंगचं मशीनिंग मजुरीवर, करायचं? पगार, हप्ते, भाडं हे गणित तुम्ही केलेलंच असणार. इथं बघायचंय ते इतकंच, की कुठल्या कामात दहा वर्षांनीही डोकं चालत राहील.

जॉबवर्कची ओढ उगाच नसते. ताशी दर 400 रुपये धरा. सायकल, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, 6 मिनिटांची असेल तर नगाला 40 रुपये पडतात. फिक्स्चर (नग धरून ठेवणारी पकड) सुधारून आणि दोन टूलचं काम एकाच टूलवर घेऊन सायकल साडेचार मिनिटांवर आणली, की तासाला 10 ऐवजी 13 नग निघतात. लढवलेल्या डोक्याचा मोबदला त्याच दिवशी हातात दिसतो. नोकरीत तो वर्षाच्या पगारवाढीत कुठंतरी विरून जातो.

पैसे अडकतात ही तक्रार जुनीच आहे. उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करारात फार तर 45 दिवसांची मुदत ठेवता येते, करार नसेल तर 15 दिवसांची. पार्टी, म्हणजे काम देणारं गिऱ्हाईक, तुटेल म्हणून कायदा फारसं कुणी दाखवत नाही, तो भाग वेगळा.

माझं पारडं नोकरीकडं झुकलं ते जॉबवर्कमधल्या दुसऱ्याच कटकटीमुळं. कास्टिंग बाहेरून स्वच्छ दिसतं, रफ कटही नीट जातो, आणि फिनिशचा शेवटचा अर्धा मिलिमीटर घेताना बोअरमध्ये (नगाच्या आतल्या गोल भोकात) कास्टिंगच्या पोटातलं होल उघडं पडतं. मशीनचा वेळ गेला, इन्सर्ट (टूलची कापणारी धार) झिजला. पार्टी म्हणते, कास्टिंग बदलून देतो, मशीनिंगचं बोलू नका. कधीकधी उलट आपल्याच नावावर डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) पडते. पैशाचं एकवेळ सोसतं. पण होल पडलं कशानं, हे विचारायची सोय नसते, ते जास्त डाचतं.

भिंगातून बघितलं तर निम्मं उत्तर त्या होलातच असतं. आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत असेल तर बहुधा गॅस: वाळूत ओल जास्त, पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू बाहेर पडायची सोय) कमी, नाहीतर कोअर (पोकळी ठेवायला साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) नीट क्युअर झालेला, म्हणजे पक्का झालेला, नाही. भिंत खडबडीत, बारीक फांद्या फुटल्यासारखी असेल तर श्रिंकेज, म्हणजे थिजताना धातू आकसणं. जाड भाग शेवटी थिजताना तिथवर रायझरचा (जादा रस साठवणाऱ्या भागाचा) रस पोचलेला नसतो. वाळूचे कण अडकलेले दिसले तर साचा कुठंतरी धुपलाय. इथपर्यंत जॉबवर्कवालाही ओळखतो. पण त्या दिवशी वाळूची ओल साडेतीन टक्के होती की पाच, रस किती तापमानाला ओतला, हे त्याला कोण सांगणार?

फौंड्रीत कास्टिंगवरचा हीट नंबर (ते कुठल्या वितळणीतलं ते सांगणारा) वाचला की सँड लॅबची वही, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, ओतण्याचं तापमान, सगळं एका टेबलावर मांडता येतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ओल कमी केली असेल तर त्या लॉटला गेटिंगला (साच्यात रस नेणाऱ्या वाटांना) हात लावायचा नाही, नाहीतर रिजेक्शन उतरलं तरी कशामुळं उतरलं ते कळत नाही. एसजी आयर्नमध्ये (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या ओतीव लोखंडात) तर घड्याळही बघावं लागतं. मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर साधारण 10 मिनिटांत रस ओतून संपला पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम उतरतं, ग्राफाइटचे गोळे बिघडतात. म्हणून गोळे बिघडलेला नग समोर आला की तो त्या लॅडलच्या (रस ओतायच्या भांड्याच्या) कितव्या साच्यातला, हे आधी विचारायचं. शेवटचेच नग नापास होत असतील तर निम्मा शोध तिथंच संपतो. माझ्या अनुभवात कामाची गोडी टिकते ती अशा शोधांवर.

नोकरीतही खोट आहेच. धूळ, उष्णता, रात्रपाळी. शिवाय डिस्पॅचला किंवा नुसत्या नग मोजण्याला बसवलं, तर वर लिहिलेलं सगळं फुकट. मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घ्या: रोजच्या रिजेक्शन मीटिंगला बसायला मिळेल का, आणि नापास कास्टिंग कापून बघायची मुभा आहे का. दोन्हीला टाळाटाळ झाली तर दुसरी फौंड्री बघा.

घरचा गाळा असेल, वडिलांची जुनी गिऱ्हाइकं असतील तर मी जॉबवर्कला अडवणार नाही. फक्त ऑर्डरमध्येच लिहून घ्या: मशीनिंगनंतर उघड्या पडलेल्या कास्टिंगच्या दोषाला, जिथवर काम झालंय तिथवरची मजुरी मिळेल. बाकीच्यांनी आधी फौंड्री धरलेली बरी, असं आपलं माझं मत. तिथली तीन-चार वर्षं झाल्यावर मशीन टाकलं तर कुठल्या फौंड्रीचं काम घ्यायचं आणि कुठलं नाही, हे तुम्हाला कळतं. उलटा रस्ता अवघड आहे, कारण मशीनचा हप्ता चालू असताना शिकायला म्हणून कमी पगाराची नोकरी कुणी धरत नाही.