टीयूएम म्युनिक: फर्मागुडीहून गेलेलीचा हिशेब

पाचापैकी साडेतीन स्टार. २०२४ च्या आधी विचारलं असतं तर साडेचार दिले असते. मधला एक फीने खाल्ला.

मी खांडेपारची. फर्मागुडीला गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलमध्ये बी.ई., आणि मग म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, म्हणजे टीयूएममध्ये, एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगचं मास्टर्स. सुट्टीत घरी आले की फोंड्याच्या बाजारात भाजी घेतानाही कुणाची तरी आई गाठते आणि विचारते, "जर्मनीत शिक्षण फुकट न्ही गो?" एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते.

फुकट होतं. २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून टीयूएमने युरोपियन युनियनबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. बॅचलर्सला सेमिस्टरमागे २,००० किंवा ३,००० युरो, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ४,००० किंवा ६,०००. आधी प्रवेश घेतलेल्यांना ती लागली नाही, म्हणून मी सुटले. माझ्या चुलतभावाला मात्र ती भरावी लागेल. चार सेमिस्टर गुणिले ६,०००, म्हणजे २४,००० युरो. युरो शंभर रुपयांना धरला तर चोवीस लाख. फी माफीच्या आणि स्कॉलरशिपच्या सोयी आहेत, पण त्या मिळतीलच असं धरून घर गहाण टाकू नये.

त्यावर राहण्याचा खर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात. तिथे गेल्यावर ते दरमहा ९९२ असे परत हाती येतात. कागदावर पुष्कळ वाटतात. पण म्युनिक म्हणजे भाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सगळ्यांत महाग शहर. खाजगी खोली सात-आठशेच्या खाली मिळाली तर देवाला नारळ ठेवावा. हेल्थ इन्शुरन्सचे साधारण १४० निराळे. उरल्यात बटाटे येतात. विद्यार्थी हॉस्टेलं स्वस्त आहेत, १९७२ च्या ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या गावाचा एक भागसुद्धा आता विद्यार्थ्यांकडे आहे, पण रांग कित्येक सेमिस्टरांची. अ‍ॅडमिशनचं पत्र आलं की पेढे नंतर वाटा, आधी हॉस्टेलचा अर्ज टाका.

गोव्यात बोलणं चाललंय म्हटल्यावर पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघणारच. तो असेल तर माणूस युरोपियन युनियनचाच धरला जातो, म्हणून ही फी नाही, व्हिसा नाही, ब्लॉक्ड अकाउंट नाही. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा असाच गेला. पण त्याबरोबर भारतीय नागरिकत्व जातं. निव्वळ चोवीस लाख वाचवायला ते करावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या बाबांनी तर विषयच काढू दिला नाही.

आता युनिव्हर्सिटीबद्दल. १८६८ पासूनची, पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थी. एवढ्या गर्दीत तुम्ही वर्गात आलात की नाही हे कुणी बघत नाही. हजेरी नाही, इंटर्नल नाही, बहुतेक विषयांना सेमिस्टरच्या शेवटी एकच पेपर आणि सगळे मार्क त्यावर. परीक्षेला स्वतः ऑनलाइन नाव नोंदवायचं. विसरलात तर कुणी फोन करणार नाही. मार्कही उलटे: १.० सर्वांत चांगला, ४.० म्हणजे काठावर पास. आईला माझा १.७ ऐकून रडू आलं होतं.

लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी. संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरं निषेध करतायत.

पैसे वसूल होतात ते लॅबमध्ये. आमची लॅब गार्खिंगला, शहरापासून यू-६ मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाकडे. तिथेच १९५७ सालच्या जुन्या अणुभट्टीचा अंड्यासारखा घुमट उभा आहे, आणि त्या गावाने तो आपल्या चिन्हावरही घेतलाय. लॅबमध्ये माणसाच्या उंचीचे कॉलम, आत वाळू, वरून प्रक्रिया केलेलं सांडपाणी थेंबथेंब सोडायचं आणि खालच्या पाण्यात डायक्लोफेनॅक किती उरलं ते मोजायचं. हो, तेच, गुडघेदुखीला घेतात ते. साध्या प्रक्रिया केंद्रात ते पुरतं निघत नाही, नदीत जातं. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं, म्हणजे नदीचंच पाणी पिऊन वाढलेल्या मुलीला हे ऐकून जरा कसंतरीच झालं. पण तिथल्या मशीनवर मास्टर्सच्या पोरीला स्वतः हात घालू देतात. पीएच.डी. करणारा शेजारी उभा राहून शिकवतो, आणि चुकलं तर ओरडत नाही, पुन्हा करायला लावतो. लॅबमधली अशी कामं पगारी असतात, त्यांना हिवी म्हणतात. माझा किराणा त्यावर निघाला. १२० क्रेडिटपैकी ३० निव्वळ थीसिसचे, सहा महिने. ज्याला असलं काम करायचंय त्याने जावं. ज्याला फक्त परदेशी पदवी आणि नोकरी पाहिजे, त्याला आता एवढी फी भरायचं कारण मला दिसत नाही. आखेन, श्टुटगार्ट, ड्रेस्डेन इथेही तोडीची टेक्निकल विद्यापीठं आहेत. आधी त्यांची फी बघा.

प्रवेशाचं म्हणाल तर आपल्या सीजीपीएचं रूपांतर बव्हेरियन सूत्राने होतं. कमाल १०, पास ४ आणि तुमचे ८.२ असतील तर १०मधून ८.२ वजा करा, ६ने भागा, ३ने गुणा, १ मिळवा: १.९. त्यापुढे विषयांची जुळणी बघतात. माझ्या मोटिव्हेशन लेटरमध्ये मी खाणींच्या खंदकांतलं पाणी आणि खांडेपार नदी लिहिली होती, 'लहानपणापासूनची आवड' लिहिली नव्हती.

हे सगळं घरी बसून होतं. आमच्याकडच्या एका कन्सल्टन्सीत गेले तेव्हा "टीयूएम तुला झेपणार नाही" म्हणून मला बर्लिनमधल्या खाजगी कॉलेजाचं ब्रोशर दिलं आणि वर सर्व्हिस चार्ज मागितला. खाजगी कॉलेजं एजंटला कमिशन देतात, जर्मन सरकारी विद्यापीठं देत नाहीत. त्यामुळे झेपणार नाही हे नेमकं कुणाला, ते ओळखा. पैशांसाठी आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना विचारा, आणि मामलेदाराकडून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढून ठेवा.

भारतीय पदवीवाल्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली पदवी-मार्कलिस्ट खरी असल्याचा तपासणीचा दाखला लागतो. फी १८,००० रुपये, आणि यायला आठवडे लागतात. हिवाळी सेमिस्टरच्या बऱ्याच मास्टर्सची मुदत ३१ मे असते, त्यामुळे एपीएसचं पार्सल नाताळच्या आधी दिल्लीला गेलेलं बरं. चुलतभावाने अजून मार्कलिस्टच्या झेरॉक्स काढलेल्या नाहीत.